हृदयाच्या रक्तप्रवाहाचे मोजमाप : एम.आर.आय. तपासणीचा परिचय

जमाखर्च आणि विभागवार कामकाजाच्या आढाव्याबरोबरच एखाद्या वैद्यकीय विषयाची सोप्या भाषेत ओळख करून देण्याची आपल्या वार्षिक अहवालाची प्रथा आहे. यंदा त्यासाठी हृदयाच्या एम.आर.आय. तपासणीचा विषय निवडला आहे. वर्षभरात आमच्याकडे वारंवार आलेले दोन प्रश्न हे त्याचे कारण होय. पहिला प्रश्न रुग्णांच्या नातेवाइकांचा : "अँजिओग्राफीत ब्लॉकेज दिसले आहे, मग आता आणखी एक तपासणी कशासाठी?" दुसरा देणगीदारांचा : "एम.आर.आय. यंत्र तर आपल्याकडे आहेच, मग हृदयाच्या तपासणीसाठी वेगळा निधी का लागतो?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोहोंच्या उत्तराचे मूळ एकच आहे. रक्तवाहिनी किती अरुंद झाली आहे हे पाहणे आणि हृदयाच्या स्नायूला रक्त किती कमी पडते हे मोजणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. हृदयरोग आणि क्ष-किरण या विभागांतील डॉक्टरांकडून जे समजून घेतले, ते येथे आपल्यासमोर ठेवीत आहोत.

हृदयाची स्वतःची गरज

विश्रांतीच्या अवस्थेत प्रौढ माणसाचे हृदय दर मिनिटास सुमारे ५ लिटर रक्त शरीरभर पाठविते. त्यापैकी सुमारे २५० मिलिलिटर, म्हणजे शेकडा पाच, रक्त ते स्वतःच्या स्नायूसाठी ठेवते. हे रक्त महारोहिणीच्या मुळाशी उगम पावणाऱ्या डाव्या व उजव्या अशा दोन कोरोनरी रोहिण्यांतून येते. उगमाजवळही त्यांचा व्यास साधारणतः ३ ते ४ मिलिमीटरच असतो.

हृदयाचा स्नायू एका बाबतीत शरीरातील इतर स्नायूंपेक्षा वेगळा आहे. इतर अवयव रक्तातील प्राणवायूचा बराचसा भाग शिल्लक ठेवतात आणि गरज वाढली की त्या शिलकीतून अधिक उचल करतात. हृदयाचा स्नायू मात्र विश्रांतीतही सुमारे ७० टक्के प्राणवायू काढून घेतो. त्यामुळे जिना चढताना किंवा पाण्याने भरलेली कळशी उचलताना त्याची गरज वाढली, तर रक्ताचा पुरवठा वाढविणे हाच एक मार्ग उरतो. निरोगी रोहिण्या हा पुरवठा तिप्पट ते पाचपट करू शकतात. या वाढीव क्षमतेला डॉक्टर 'फ्लो रिझर्व्ह' म्हणतात. आमच्या परिभाषेत सांगावयाचे तर हा हृदयाचा राखीव निधी होय.

रोहिणीत चरबीयुक्त थर साचून अडथळा निर्माण झाला, की प्रथम हा राखीव निधी खर्ची पडू लागतो. अडथळ्याच्या पुढील सूक्ष्म वाहिन्या आपणहून रुंदावतात आणि विश्रांतीचा पुरवठा पूर्ववत राखतात. के. लान्स गूल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून हे दाखवून दिले. व्यास सुमारे ५० टक्क्यांनी घटला की कमाल प्रवाह कमी होऊ लागतो, परंतु विश्रांतीतील प्रवाह व्यास ८५ टक्क्यांच्या आसपास घटेपर्यंत टिकून राहतो. घरी स्वस्थ बसलेल्या माणसाला काहीच त्रास नसतो आणि बसस्थानकापर्यंत घाईने चालताच छातीवर दडपण येते, ते याचमुळे. रोजचा खर्च भागत असतो, पण गंगाजळी आटलेली असते.

चित्र आणि मोजमाप यांतील अंतर

रोहिणीचे आतील चित्र पाहण्याची सोय अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे मेसन सोन्स यांच्यामुळे १९५८ मध्ये झाली. तिलाच आपण कोरोनरी अँजिओग्राफी म्हणतो. १९७७ मध्ये झुरिच येथे आंद्रियास ग्रुन्त्सिग यांनी फुग्याच्या साहाय्याने हृदयाची अरुंद रोहिणी प्रथमच रुंद केली. या दोन उपचारपद्धतींनी असंख्य रुग्णांना आधार दिला असून त्यांचे मोल यत्किंचितही कमी झालेले नाही.

तथापि अँजिओग्राफी दाखविते ती रोहिणीच्या पोकळीची आकृती. समजा, दोन रुग्णांच्या अहवालांत '६० टक्के अडथळा' अशी एकच नोंद आहे. एकाचा अडथळा आखूड असेल आणि शेजारच्या रोहिणीतून आडवाटेने रक्त पोहोचत असेल. दुसऱ्याचा अडथळा लांबट असेल आणि त्याच्या पुढे हृदयाच्या स्नायूचा मोठा भाग अवलंबून असेल. आकडा एकच असला तरी रक्ताची तूट वेगवेगळी असते. एखाद्या संस्थेचा ताळेबंद पाहून तिच्या तिजोरीत दररोज किती रोकड येते हे जसे निश्चित सांगता येत नाही, तसेच हे आहे. त्यासाठी रोकड प्रवाहाचे पत्रक स्वतंत्रपणे पाहावे लागते.

ही उणीव भरून काढण्यासाठी निको पिल्स आणि बर्नार्ड डी ब्रूयन यांनी १९९० च्या दशकात रोहिणीत अतिसूक्ष्म तार घालून अडथळ्याच्या आधीचा आणि नंतरचा रक्तदाब ताडून पाहण्याची पद्धत रूढ केली. तिला एफ.एफ.आर. म्हणतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'फेम' या अभ्यासात १,००५ रुग्णांचा समावेश होता. केवळ चित्र पाहून स्टेंट बसविलेल्या रुग्णांपैकी १८.३ टक्के रुग्णांना वर्षभरात मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा पुन्हा शस्त्रक्रिया यांपैकी काही ना काही सोसावे लागले. दाब मोजून निर्णय घेतलेल्या गटात हे प्रमाण १३.२ टक्के होते. मोजमाप करून घेतलेला निर्णय अधिक हिताचा ठरतो, हे यातून स्पष्ट झाले. परंतु या पद्धतीत तार रोहिणीत घालावीच लागते. तार न घालता हे मोजमाप करता येईल काय, या प्रश्नाचे उत्तर एम.आर.आय. देते.

चुंबक वेग कसा मोजतो?

आपल्या शरीराचा मोठा भाग पाण्याचा आहे आणि पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात. या अणूंची केंद्रके बलवान चुंबकात भोवऱ्याप्रमाणे घुमतात आणि ठरावीक रेडिओ लहरींना प्रतिसाद देतात. फेलिक्स ब्लॉख व एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ मध्ये हा गुणधर्म दाखवून दिला. त्यावरून प्रतिमा मिळविण्याची युक्ती पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये मांडली, आणि या कार्यासाठी त्यांना व पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक लाभले. आपल्या रुग्णालयातील यंत्र १.५ टेस्ला क्षमतेचे आहे. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तुलनेत हे बल सुमारे तीस हजार पट भरते. या तपासणीत क्ष-किरणांचा वापर मुळीच होत नाही.

भोवऱ्याचा घुमण्याचा वेग त्या जागेच्या चुंबकीय बलावर अवलंबून असतो. यंत्र एका क्षणी बोगद्याच्या एका टोकाकडे बल किंचित वाढविते आणि सेकंदाच्या काही हजाराव्या भागानंतर तेवढेच बल उलट बाजूला वाढविते. जे केंद्रक जागच्या जागी आहे, त्याला पहिल्या वेळी मिळालेली आघाडी दुसऱ्या वेळी तंतोतंत फिटते. जमा आणि नावे यांचा मेळ बसतो आणि बाकी शून्य राहते. वाहत्या रक्तातील केंद्रक मात्र मधल्या काळात पुढे सरकलेले असते. त्यामुळे त्याच्या खात्यावर काही बाकी उरते. जितका वेग अधिक, तितकी बाकी अधिक. ही बाकी वाचून रक्ताचा वेग काढण्याची रीत पॉल मोरान यांनी १९८२ मध्ये सुचविली. तिला 'फेज कॉन्ट्रास्ट' म्हणतात.

वेग मिळाल्यावर पुढचा हिशेब पाटबंधारे खात्याच्या हिशेबासारखा आहे. कालव्याचा छेद आणि पाण्याचा वेग यांच्या गुणाकारातून विसर्गाचे क्युसेक मिळतात. रोहिणीचा छेद आणि रक्ताचा वेग यांच्या गुणाकारातून दर मिनिटाचे मिलिलिटर मिळतात.

तत्त्व सरळ असले तरी प्रत्यक्ष काम कठीण आहे. रोहिणीच्या इवल्याशा छेदात प्रतिमेचे जेमतेम दहा-बारा ठिपके मावतात. ती रोहिणी हृदयाच्या ठोक्याबरोबर आणि श्वासाबरोबर सतत हलत असते. डाव्या रोहिणीतील रक्त मुख्यतः हृदय सैलावते त्या अल्पावधीतच वाहते. म्हणून ई.सी.जी.शी ताळमेळ राखून आणि रुग्णाला काही सेकंद श्वास रोखावयास सांगून अनेक ठोक्यांची माहिती एकत्र करावी लागते. शिवाय अपेक्षित कमाल वेग तंत्रज्ञाला आधीच निश्चित करावा लागतो. तो कमी धरला गेला, तर वेगाने पुढे जाणारे रक्त यंत्राला मागे येत असल्याचे भासते. १९९६ मध्ये अमेरिकेतील डल्लास येथील संशोधकांनी अशा रीतीने मोजलेला रोहिणीतील प्रवाह, तारेवरील डॉप्लरने मोजलेल्या प्रवाहाशी पडताळून पाहिला आणि दोन्ही मापे चांगली जुळली. तरीही एकेका रोहिणीतील प्रत्यक्ष मोजमाप आजवर मुख्यतः संशोधनापुरतेच राहिले आहे. त्याऐवजी हृदयाच्या स्नायूतून परतणारे बहुतेक रक्त जेथे एकत्र येते, त्या रुंद 'कोरोनरी सायनस' नीलेतील प्रवाह मोजून एकूण हिशेब मांडता येतो.

शेताला पाणी पोहोचते की नाही?

दैनंदिन रुग्णसेवेत अधिक उपयोगी ठरलेला मार्ग वेगळा आहे. कालव्यातील विसर्ग मोजणे अवघड असेल, तर शेवटच्या वाफ्यात पाणी पोहोचले की नाही हे पाहावे, तसा हा मार्ग आहे. त्याला 'स्ट्रेस परफ्यूजन' असे नाव आहे.

रुग्णाच्या शिरेतून ॲडेनोसिन हे औषध काही मिनिटे दिले जाते. त्यामुळे हृदयाच्या सूक्ष्म वाहिन्या पूर्ण रुंदावतात आणि राखीव निधीची कसोटी लागते. त्याच वेळी गॅडोलिनियमयुक्त द्रव्य टोचून ते स्नायूत कसे पसरते, हे प्रत्येक ठोक्याला टिपले जाते. जेथे रक्त पुरेसे पोहोचते तो भाग उजळतो. जेथे तूट आहे तो भाग काही ठोके काळसर राहतो. सुमारे दहा मिनिटांनंतर पुन्हा प्रतिमा घेतल्या की जुन्या झटक्यामुळे मृत झालेला स्नायू वेगळा उठून दिसतो. उपाशी असलेला स्नायू आणि मेलेला स्नायू यांतील हा फरक उपचार ठरविताना मोलाचा असतो.

नव्या संगणकप्रणालींमुळे ही तूट आता अंकांतही मांडता येते. एक ग्रॅम स्नायूला दर मिनिटास किती मिलिलिटर रक्त मिळाले, असे ते माप असते. विश्रांतीत ते साधारणतः १ मिलिलिटरच्या आसपास असते आणि निरोगी हृदयात औषधानंतर दुपटीहून अधिक होते. लंडनमधील १,०४९ रुग्णांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. औषधानंतरचा प्रवाह ज्यांच्यात कमी आढळला, त्यांच्यात पुढील काळात मृत्यू आणि हृदयविकाराच्या घटनांचा धोका अधिक दिसून आला.

या तपासणीचा विशेष लाभ अशा रुग्णांना होतो, ज्यांच्या मोठ्या रोहिण्या अँजिओग्राफीत स्वच्छ दिसतात, पण छातीतील वेदना थांबत नाही. यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे. "रिपोर्ट नॉर्मल आहे, गॅस असेल, मनावर घेऊ नका," असे ऐकून अनेक भगिनी घरी परततात. दोष सूक्ष्म वाहिन्यांत असेल तर तो अँजिओग्राफीच्या चित्रात दिसतच नाही. २००२ मध्ये लंडन येथील अभ्यासाने अशा रुग्णांच्या स्नायूच्या आतील थरात रक्ताची तूट एम.आर.आय.द्वारे दाखवून दिली. दुखणे खरे आहे, याचा पुरावा हाती येणे हीदेखील उपचाराची सुरुवातच असते.

निर्णयावर होणारा परिणाम

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एम.आर.-इन्फॉर्म' या अभ्यासात छातीत वेदना असलेल्या ९१८ रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटात एम.आर.आय. पाहून, तर दुसऱ्या गटात अँजिओग्राफी व एफ.एफ.आर. करून उपचार ठरविले. एम.आर.आय. गटातील ३५.७ टक्के रुग्णांवर अँजिओप्लास्टी किंवा बायपास करावी लागली. दुसऱ्या गटात हे प्रमाण ४५ टक्के होते. वर्षभरातील गंभीर घटनांचे प्रमाण अनुक्रमे ३.६ व ३.७ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच राहिले. कमी रुग्णांवर शस्त्रक्रिया करूनही हानी वाढली नाही, हा या आकड्यांचा अर्थ आहे.

२०२० मध्ये भारतासह ३७ देशांतील ५,१७९ रुग्णांचा 'इस्केमिया' हा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णांत सुरुवातीलाच अँजिओप्लास्टी वा बायपास केल्याने, केवळ औषधोपचारांच्या तुलनेत, मृत्यू किंवा झटक्याचे एकूण प्रमाण कमी झाले नाही. मात्र ज्यांना छातीदुखीचा वारंवार त्रास होता, त्यांना त्यापासून अधिक आराम मिळाला. स्थिर प्रकृतीच्या रुग्णाला विचार करण्यास, मोजमाप करून घेण्यास अवधी असतो, हा दिलासा या निष्कर्षातून मिळतो.

येथे एक गोष्ट ठळकपणे सांगणे आमचे कर्तव्य आहे. छातीत अचानक तीव्र कळ, दरदरून घाम, डाव्या हाताकडे वा जबड्याकडे सरकणारी वेदना अशी लक्षणे असतील, तर एम.आर.आय.चा विचारही करू नये. ती झटक्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी रुग्णास विनाविलंब आकस्मिक विभागात आणावे.

रुग्ण व नातेवाइकांसाठी

तपासणीच्या आधी २४ तास चहा, कॉफी, कोला आणि चॉकलेट वर्ज्य आहेत. त्यांतील कॅफिनमुळे ॲडेनोसिनचा परिणाम होत नाही आणि तपासणी वाया जाते. सकाळचा चहा सोडणे अनेकांना जड जाते याची आम्हांस कल्पना आहे, तरी घोटभरही घेऊ नये ही विनंती. औषध सुरू असताना चेहरा तापणे, छाती जड वाटणे, धाप लागणे असे त्रास काही मिनिटे होऊ शकतात. औषध थांबविताच ते लवकरच ओसरतात, आणि त्या वेळी डॉक्टर जवळच असतात.

दमा, हृदयाच्या विद्युतवहनातील अडथळा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधीच सांगावे. पेसमेकर, कानातील कॉक्लियर इम्प्लांट किंवा डोळ्यात गेलेला धातूचा कण यांचीही माहिती द्यावी. काही नवे पेसमेकर विशिष्ट दक्षता घेतल्यास या तपासणीस चालतात. पूर्वी बसविलेला स्टेंट बहुधा आड येत नाही, मात्र त्याचे कार्ड सोबत आणावे. मंगळसूत्र, जोडवी, पैंजण आणि इतर सर्व दागिने बाहेर ठेवावे लागतात. सौभाग्यालंकार उतरविताना होणारी घालमेल आम्ही जाणतो. ते नातेवाइकांच्याच हाती सोपवावेत. बोगद्यात यंत्राचा आवाज मोठा येतो. कानाला संरक्षण आणि हाती बोलाविण्याचे बटण दिले जाते.

खर्च, वेळ आणि विश्वस्त मंडळाचा निर्णय

आता देणगीदारांच्या प्रश्नाकडे येतो. यंत्र आपल्याकडे आहे हे खरे, परंतु हृदयासाठी स्वतंत्र कॉइल, प्रवाह मोजणारी संगणकप्रणाली, तसेच चुंबकाच्या खोलीत चालणारा मॉनिटर आणि औषधपंप लागतो. साधा पंप त्या खोलीत नेणे धोक्याचे असते. याखेरीज तंत्रज्ञांचे आणि अहवाल वाचणाऱ्या डॉक्टरांचे प्रशिक्षण हा मोठाच भाग आहे.

सर्वांत महाग वस्तू मात्र वेळ ही आहे. हृदयाच्या एका तपासणीस सुमारे पाऊण ते एक तास लागतो. तेवढ्या वेळात गुडघ्याच्या किंवा मणक्याच्या दोन तपासण्या सहज होतात. पैसे भरणाऱ्या रुग्णांच्या अशा तपासण्यांतून उरणाऱ्या शिलकीवरच आपल्या धर्मादाय कामाचा बराचसा भार असतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ ककखालील योजनेनुसार धर्मादाय रुग्णालये १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी राखून ठेवतात, तसेच देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वर्ग करतात. हा निधी अमर्याद नाही. एका तपासणीसाठी त्यातून उचललेला रुपया दुसऱ्या एखाद्या रुग्णाच्या डायलिसिससाठी उरत नाही.

असे असता ही सोय करावी काय, यावर विश्वस्त मंडळात सविस्तर चर्चा झाली. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र शासनाच्या औषध किंमत प्राधिकरणाने औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरविली. त्यामुळे स्टेंट पूर्वीपेक्षा आवाक्यात आला. तो बसविणे आवश्यक आहे की नाही, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. अनावश्यक स्टेंट स्वस्त असला, तरी त्याबरोबर येणारा धोका आणि दीर्घकाळ घ्यावी लागणारी औषधे टळत नाहीत. उलट, खरोखर गरज असलेल्या रुग्णावर वेळीच उपचार न होणे ही त्याहून मोठी हानी आहे. दोन्ही बाजूंची चूक टाळणारे साधन धनवंत रुग्णांपुरते राहू नये, या विचाराने मंडळाने ही सोय करण्याचे ठरविले.

त्यास तीन नियमांची जोड दिली आहे. आठवड्यातील हृदय-तपासणीच्या राखीव वेळेचा ठरावीक भाग निर्धन व दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राहील. प्रत्येक अहवाल क्ष-किरणतज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ एकत्र बसून देतील. तिसरा नियम असा, की या तपासणीची शिफारस केल्याबद्दल कोणासही कोणत्याही स्वरूपात मोबदला दिला जाणार नाही. ज्या रुग्णाचा निर्णय साध्या तपासण्यांवरून घेता येतो, त्यास ही तपासणी सुचविली जाऊ नये, असेही डॉक्टरांना कळविले आहे. किती तपासण्या झाल्या आणि त्यांपैकी किती निर्धन रुग्णांच्या होत्या, याचा तपशील पुढील अहवालात आपल्यापुढे ठेवण्यात येईल.

विनंती

या तपासणीसाठी 'हृदय-तपासणी साहाय्य निधी' या स्वतंत्र शीर्षकाखाली देणग्या स्वीकारण्यात येत आहेत. त्यांचा विनियोग निर्धन रुग्णांच्या शुल्कापोटीच होईल आणि त्याचा हिशेब निराळा ठेवला जाईल. नातेवाइकांनीही सल्ला घेताना डॉक्टरांना निःसंकोच विचारावे : "अडथळा किती आहे हे कळले, पण त्यामुळे रक्त किती कमी पडते?" हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे, आणि त्याचे समजेल असे उत्तर देणे हे रुग्णालयाचे कर्तव्य आहे.